गांगोच्या राईचा कौल

गांगोच्या राईत लोखंड न्यायचं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीचा कोणी फारसा विचार करत नाही, तशीच या नियमाची गत होती. आचरा गावाच्या वरच्या अंगाला भातखाचरं संपतात आणि चढ लागतो, तिथे ही चारेक एकरांची राई. सातवीण, काजरा, नागचाफा, सुरंगी, आणि मधोमध चौघांच्या कवेत न मावणारा बेहडा. गावात त्याला घोटिंग म्हणतात. घोटिंगापासून वीस पावलांवर गांगोचं कौलारू देऊळ, आणि देवळाच्या मागून निघणारी झर, जी भर मे महिन्यातही खालच्या वाडीच्या कळशा भरते.

महादू गुरव राईतली वाट रोज सकाळी माडाच्या हिरांच्या झाडूने झाडायचा. वय अठ्ठावन्न. डावा गुडघा दुखायचा, त्यामुळे वाकताना सगळा भार उजव्या पायावर. झाडता झाडता घोटिंगाखाली पोचला की तो थांबायचा आणि जमिनीवरच्या बिया बघायचा. काजऱ्याच्या, वडाच्या, उंबराच्या. बिया ताज्या असल्या म्हणजे वर सगळं ठीक आहे.

वर, दोन माड उंचीवर, घोटिंगाला एक ढोली होती. ढोलीत गरुडीण. पुस्तकवाले या पक्ष्याला धनेश म्हणतात, गावात तो गरुड. मादी ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग अंगावरची पिसं गाळून अंड्यांवर बसते. दीड-दोन महिने नर तिला फटीतून भरवतो. महादूने ही जोडी याच ढोलीत अठरा वर्षं बघितली होती. आधी आजूबाजूच्या रायांतही गरुड होते. शेजारच्या दोन गावांनी राया तोडून देवळं बांधली, सिमेंटची, गुलाबी रंगाची. तिथले गरुड कुठे गेले हे कोणी विचारलं नाही. देवळात पंखे किती बसले ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

चैत्रातल्या एका सोमवारी भाई गावडे देवस्थान कमिटीच्या चौघांना घेऊन राईत आला. भाई गावचा पहिला मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. बोलायला लागला की देवही गप्प बसत असावा.

"महादू, यंदा देवाचा घर नवीन करूया म्हणतंय. वाशांक वाळवी लागली हा."

"करूया ना, भाईनू."

"सभामंडप पण होयो. व्यापारी तयार आसा. लाकूड तेका, देऊळ आमका."

महादूने झाडू खाली ठेवला. "मगे राई?"

"राई खंय पळता? धा-बारा झाडां ऱ्हवतली कडेक."

"भाईनू, घोटिंगात गरुडीण बसली हा. पिल्लां आसत भुतूर. मे सरासर तरी थांबा."

"आणि पावसात ट्रक चढयतलो कोण? तुजी गरुडीण?"

कमिटीवाले हसले. महादूही हसला. मानकरी हसले की गुरवाने हसायचं असतं. त्याची त्यालाच लाज वाटली, पण हसू तोंडावर येऊन गेलंच.

"आमी काय मनाचा करणत नाय," भाई म्हणाला. "शुक्रवारी कौल घेऊया. देव सांगात ता खरा."

घरी त्याची बायको सत्यवती अंगणातल्या खळ्यात बसून काजूच्या बोंडवांच्या काजी, म्हणजे बिया, पिळून वेगळ्या करत होती. तिची बोटं रसाने काळी पडली होती. महादूने सगळं सांगितलं. ती काजी जोरात टोपलीत टाकायला लागली.

त्यांची मुलगी नम्रता मालवणच्या कॉलेजात शास्त्र शिकत होती. तीन वर्षं ती या ढोलीचे फोटो काढून तारखेसकट वहीत लिहून ठेवत होती. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेलीच नाही. थेट वनखात्याच्या कार्यालयात जाऊन अर्ज दिला आणि संध्याकाळी शिक्का मारलेली प्रत घेऊन आली.

"बाबा, झाडां तोडूची परवानगीच नाय त्यांच्याकडे. वनपाल मॅडम सोमवारी बघूक येतत. तोवर कोणी फांदयेक हात लावूक शकणा नाय."

"सोमवार लांब आसा, बाये. कौल शुक्रवारी."

"कौल काय पण येवंदे. कायदो आसा."

"राईत कायदो कधी इलो न्हवतो गो. देवाच्या भियान ऱ्हवली ती आजपासर. कौल एकदा मिळालो की ते सोमवाराची वाट बघतले? शनिवार-आयतवारी मोकळी करतले."

"म्हणान काय माजो अर्ज फुकट?"

"फुकट न्हय. पण वेळान येतलो."

नम्रता चिडून आत गेली. "तुमका माजो इश्वासच नाय," ती आतून म्हणाली. ते खरंच होतं. शिक्क्याच्या कागदावर त्याचा विश्वास बसत नव्हता. आयुष्यभर त्याने गावाला एकाच गोष्टीपुढे थांबताना बघितलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे कौल, जो त्याच्याच हातून लागायचा.

कौल म्हणजे काय, तर गांगोच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे पिटकोळीच्या झुडपाचे दोन ओले कळे चिकटवायचे. मानकरी गाऱ्हाणं घालतो. मग जो कळा आधी पडेल ते देवाचं उत्तर. उजवा पडला तर करा, डावा पडला तर करू नका. पिढ्यान्‌पिढ्या विचारायची रीत तीच. कळे चिकटवायचं काम गुरवाचं. महादूच्या हातून बत्तीस वर्षांत शेकडो कौल लागले होते आणि त्यातला एक सोडला तर सगळे सरळ. तो एक भाईच्या घरच्या वाटणीचा. बारा वर्षांपूर्वी भाईने त्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले होते आणि महादूने एका कळ्याला जास्त पाणी लावलं होतं. त्यानंतर आठवडाभर त्याला जेवण गेलं नव्हतं. भाईला व्यवस्थित गेलं.

शुक्रवारी सकाळी अंघोळीआधी महादू परसातल्या फणसाकडे गेला. कोवळ्या फणसाच्या देठाला नख लावलं. पांढरा चीक आला, तो बोटांत मळून गुंजेएवढी गोळी केली आणि पानाच्या द्रोणात पाण्यात ठेवली. मागे सत्यवती उभी होती.

"ह्या कित्याक?"

"पायात काटो गेलो."

"काटो काय तुमच्या पायात गेलो नाय." ती जवळ आली. "देवाक फसवतास?"

"देवाक न्हय गो. भाईक."

"मधी दगड देवाचो आसा, ह्या ध्यानात ठेवा."

महादूने खोबरेल तेल लावून अंगठा घासला. चिकाचा काळा डाग थोडा फिकटला, गेला नाही.

नऊच्या सुमाराला राईत शंभरेक माणसं जमली. काहींच्या मनात नवं देऊळ होतं, काहींच्या मनात झर. राई गेली की झर आटते हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं, पण कौल लागेपर्यंत कोणी काही बोलत नव्हतं. म्हणजे गाव अजून दोन्हीकडे होतं. एक डावा कळा पडला असता तर निम्मं गाव सुटकेचा श्वास सोडून घरी गेलं असतं.

भाईने महादूच्या हातात नारळ दिला. देताना त्याची नजर खाली गेली.

"अंगठ्याक काय लागला रे?"

"फणस कापलो भाजयेक."

"बरा बरा," भाई म्हणाला, आणि क्षणभर त्या डागाकडेच बघत राहिला.

महादू गाभाऱ्यात गेला. पाषाणावर पाणी ओतलं. डावा कळा नुसत्या पाण्याने लावला. उजव्याच्या बुडाला चिकाची गोळी दाबली आणि तो पक्का बसेपर्यंत अंगठा उचलला नाही. आता डावाच पडणार. तो हात जोडून बाजूला झाला. मनात कुठेतरी बरं वाटत होतं.

भाईने डोळे मिटले.

"बा गांगो देवा, बारा-पाचाच्या मालका महाराजा..."

"होय महाराजा!" लोक म्हणाले.

"आज तुजी लेकरां तुज्या पायरीर उभी आसत. तुजा घर जुना झाला, ता नवीन करूचो इचार तेंच्या मनात इलो हा."

"होय महाराजा!"

"तर देवा, ही राई जशी आसा तशी राखूची तुजी मर्जी असात तर उजवो कळो दी. आणि तुज्या नव्या घरासाठी ती मोकळी करूची असात तर डावो दी. लेकरांका सपष्ट सांग रे महाराजा!"

"होय महाराजा!"

महादूने मान वर केली. भाईचे डोळे अजून मिटलेलेच होते. बत्तीस वर्षांत असा उलटा प्रश्न कोणी घातला नव्हता. करायचं असेल तर उजवा, नसेल तर डावा. भाईने राखणं उजवीकडे टाकलं आणि तोडणं डावीकडे. लोकांनी 'होय महाराजा' म्हणून टाकलंही होतं. गाऱ्हाणं चालू असताना गुरवाने कळ्याला हात लावायचा नसतो. हात लावला तर कौल मोडतो आणि गुरवपण जातं.

पाणी सुकत गेलं. मग डावा कळा हलला, तिरका झाला आणि पाषाणाच्या पायाशी पडला.

"दिल्यान! देवान हुकूम दिल्यान!"

गुलाल उधळला. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले आणि हात जोडले. देवाने सांगितल्यावर झरीचं नाव कोण काढणार? गर्दीच्या कडेला नम्रता उभी होती. तिने बापाकडे बघितलं आणि बापाने पायांकडे.

शनिवारी सकाळी व्यापाऱ्याची माणसं दोन कटर आणि ट्रक घेऊन आली. नम्रताने कार्यालयात फोन लावला. शनिवार-रविवार सुट्टी, कोणी उचलला नाही. तिने अर्जाची प्रत भाईच्या पुढे धरली. भाईने चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि घडी घालून परत दिली.

"अक्षर बरा आसा तुजा," तो म्हणाला.

देवाच्या झाडावर पहिला घाव गुरवाचा, अशी रीत आहे. एरवी कधी राईबाहेर देवाच्या जमिनीतलं वठलेलं झाड काढायचं असलं तर देवाची माफी मागायला. त्यामुळे महादूला प्रत्येक मोठ्या झाडापाशी नेलं. नारळ फोडायचा, कुंकू लावायचं, कुऱ्हाडीचा एक घाव घालायचा आणि बाजूला व्हायचं. मग कटर. असे त्याने सत्तावीस घाव घातले. सातविणीचं लाकूड मऊ, कुऱ्हाड आत रुतून बसायची आणि ती उपसताना गुडघा ठणकायचा. माकडं सकाळीच निघून गेली होती. दुपारनंतर राईत इतकं ऊन उतरलं की महादूला स्वतःची झाडलेली वाट ओळखू येईना. घोटिंग सगळ्यांत जाड, म्हणून ते रविवारवर ठेवलं.

संध्याकाळी त्याचे तळहात फुटले होते. सत्यवतीने हळद लावली. नम्रता उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बाबा, कौल डावो कसो इलो? आवशीन सांगल्यान माका, चिकाचा."

महादूने जे झालं ते सांगितलं. चोरासारखं, तुकड्यातुकड्याने. नम्रता उंबऱ्यावरच बसली.

"तुमी काय केला नसतात तर निदान अर्धी आशा तरी होती," ती म्हणाली. "तुमी देवाक काय बोलूकच दिलास नाय."

"मी त्या गरुडिणीक वाचवूक केलंय गो."

"म्हायत आसा. म्हणानच माका रडूक येता."

"फाल्या सांगतंय सगळ्यांका," महादू म्हणाला. "घोटिंगाच्या आधी."

सत्यवतीचा हात थांबला. गुरवाने कौलात लबाडी केली म्हटल्यावर घरावर काय येणार हे तिला दिसत होतं. गुरवपण, देवाची जमीन, पोरीचं लग्न. तरी ती म्हणाली, "सांगा. नायतर तुमका झोप कशी लागतली?"

रविवारी सकाळी घोटिंगाला दोर लावले होते. चाळीसेक माणसं होती. महादू देवळाच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने एका दमात सांगून टाकलं.

"थांबा! कौल खरो न्हय. मी उजव्या कळ्याक फणसाचो चीक लावलंय. तो पडूचोच नाय म्हणान. माका राई राखूची होती. भाईन गाऱ्हाणा उलटा घातल्यान. पाप माजा आसा, काय शिक्षा करूची ती करा, पण ह्या झाड तोडू नको!"

भाई हळूहळू पुढे आला. रागावलेला दिसत नव्हता.

"महादू, तुका काय म्हणाचा आसा? गुरव कौलात हात घालता? मगे बत्तीस वर्सांचे सगळे कौल खोटे?" तो लोकांकडे वळला. "तुमची लग्नां, वाटण्यो, बांध, सगळा खोटा?"

कोणाला ते परवडणार नव्हतं. लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

"खोटा वाटता तर जावन बघा!" महादू ओरडला. "उजवो कळो अजून थंयच आसा. दोन दिस झाले. साधो कळो दोन दिस ऱ्हवता?"

चार-पाच जण गाभाऱ्यात गेले. कळा खरंच तिथे होता, सुकून तपकिरी झालेला, पाषाणाला धरून. आतून एका बाईचा आवाज आला.

"आगे माजे बाय! अजून धरून आसा देव! केवढो खंबीर हुकूम!"

आणि लोक एकेक करून आत जाऊन पाया पडायला लागले. कोणीतरी उदबत्ती लावली. महादू म्हणत राहिला, "चीक आसा तो, चीक..." एक म्हातारा जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चीक लावूची बुद्धी तरी कोणी दिल्यान रे? देवानच ना?"

भाई त्याच्या अगदी जवळ आला. फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलला.

"बत्तीस वर्सां तुजो हात बघतंय, महादू. माज्या वाटणीच्या येळेक पण बघितलेलंय."

मग त्याने कुऱ्हाड महादूच्या हातात दिली.

नर गरुड समोरच्या उरलेल्या सुरंगीवर येऊन बसला होता आणि घाबरून कर्कश ओरडत होता. महादूने कुऱ्हाड टाकून द्यायला हवी होती. पण त्याच्या डोक्यात एक वेडी आशा शिरली. झाड हादरलं तर गरुडीण आतून लिंपण फोडेल आणि बाहेर पडेल. कटर लागायच्या आधी बाहेर पडेल. त्याने घाव घातला. एक नाही, सहा, सात, जीव खाऊन, फुटलेल्या तळहातांनी. "भायर ये गो! भायर ये!" तो ओरडत होता. लोकांना वाटलं, गुरवाच्या अंगात आलं. पिसं गळालेल्या पाखराने बाहेर पडून तरी काय करायचं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो ओरडत होता.

मग त्याला बाजूला ओढलं आणि कटर लागला.

घोटिंग पडायला तास लागला. पडल्यावर ढोलीचं तोंड मातीत दाबलं गेलं होतं. नम्रताने कोणाला न विचारता हातांनी माती उकरली. आत मादी मेलेली होती, पंखांना नुसती खुंटं फुटलेली. तिच्या पोटाखाली दोन पिल्लं, एक अजून मान हलवत होतं. नम्रताने ते ओढणीत घेतलं. घरी पोचेपर्यंत तेही थंड झालं.

सोमवारी अकरा वाजता वनपाल शर्मिला मॅडम ठरल्याप्रमाणे आल्या. सोबत दोन वनरक्षक. कटर, ट्रक, व्यापारी, कोणीच नव्हतं. उघड्या माळावर खोडांचे बुंधे होते, आणि भाईसकट कमिटी हजर होती. मॅडमनी टेप लावून घोटिंगाचा बुंधा मोजला, नम्रताने ओढणीत आणलेलं मेलेलं पिल्लू बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अर्जदार कोण?"

"मी," नम्रता म्हणाली.

"हे झाड कोणी तोडलं?"

कमिटीतला एक जण झरीकडे बघत होता, दुसरा मोबाईलकडे. भाई शुद्ध मराठीत म्हणाला, "देवाचं काम आहे मॅडम. गावाने सगळ्यांनी मिळून केलं. असं एकाचं नाव कसं सांगणार?"

"पंचनाम्यात गावाचं नाव लिहिता येत नाही."

महादू पुढे आला. त्याला वाटलं, हिला तरी खरं कळेल. ही बाहेरची आहे, हिला गांगोचं भय नाही.

"मॅडम, पयलो घाव माजो. मी सांगतंय सगळा. कौल लावलंय, चीक लावलंय, मगे भाईन..."

"कौलाचं मला लिहिता येणार नाही, काका. कुऱ्हाड तुमच्या हातात होती?"

"होती."

"आत घरटं आहे, हे माहीत होतं?"

"माका नाय तर कोणाक म्हायत असतला? अठरा वर्सां बघी होतंय."

मॅडम लिहायला लागल्या. त्या बापालाच आरोपी करताहेत हे नम्रताच्या लक्षात आलं तेव्हा त्या अर्ध्या पानावर पोचल्या होत्या.

"मॅडम, थांबा. माझा अर्ज परत द्या. मला नाही करायचा."

"तो नोंदला गेलाय गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "साक्षीदार कोण आहे? आरोपीला घाव घालताना कोणी प्रत्यक्ष पाहिलं?"

काल महादू खरं सांगत होता तेव्हा चाळीस माणसांतल्या एकानेही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. आज सगळ्यांनी एकदम माना हलवल्या.

"मी पाहिलं," भाई गावडे म्हणाला. त्याने खिशातून चष्मा काढला, घोटिंगाच्या बुंध्यावर कागद ठेवला आणि खाली वळणदार सही केली.